आवृत्ती तीन, पायरी सात

२ फेब्रुवारी, रविवार
वळसंग. शाळेचे पाच संगणक, वाचनालयाचा एक. शाळेच्या पाचही यंत्रांवर विंडोजच्या जागी लिनक्स बसलं. मुलांनी लगेच चित्रं काढायला घेतली. वाचनालयाच्या यंत्रावरही बसलं, नीट बसलं. फक्त नको त्या जागी बसलं. तिथे वाचनालयाचा सगळा डेटा होता.

त्या यंत्रापुढच्या खुर्चीत नागनाथ होता. मूळचा केम गावचा. इथे सोलापुरात यूपीएस-संगणक दुरुस्ती करतो. आमच्या आठ जणांच्या स्वयंसेवक गटात सगळ्यांत जुना, आणि हात सगळ्यांत साफ. ग्रंथपाल बिराजदार काका मागे हुरड्याची परात घेऊन उभे होते.
"झालं का हो?"
"काका, तुमची फाईल दिसंना झालीया."
पाच मिनिटं सगळे पडद्याकडे बघत होते. मग नागनाथच म्हणाला, "माझ्याकडनं झालं."
सगळ्यांनी हुरडा खाल्ला. गार झाला होता.

संध्याकाळी ७.१० ला नागनाथ व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडला. कारण लिहिलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
वाचनालयाच्या यंत्राची डिस्क काढून घरी आणली आहे. आधी तिची जशीच्या तशी प्रत केली, आता त्या प्रतीवर फायली शोधायचं काम लावलंय. कॉलेजात दोन तास घेतले. येऊन पाहिलं, ११ टक्के.

काय गेलं ते लिहून ठेवते. वाचनालयाची ग्रंथसूची, मराठी आणि कन्नड मिळून. काकांनी चार वर्षं दोन बोटांनी टाईप केलेली. पुस्तकांची नावं परत मिळतील, दाखल रजिस्टर कागदावर आहे. पण सूचीत काकांनी स्वतःचा एक रकाना वाढवला होता, 'शेरा'. पुस्तक परत देताना वाचणारा काय म्हणाला ते त्यात. ते कागदावर कुठेही नाही.

गटातल्या सरोजाने ग्रुपवर लिहिलं, "पुढच्या वेळी कुणी घाई करू नका की." सहा अंगठे आले. त्यातला एक माझा.

५ फेब्रुवारी, बुधवार
कारण सापडलं.

त्या यंत्रात दोन डिस्क. जुनी लहान, तिच्यात विंडोज. नंतर बसवलेली मोठी, तिच्यात डेटा. ज्याने कोणी मोठी बसवली त्याने तिची वायर पहिल्या जागी खुपसली. त्यामुळे लिनक्स बसवताना दिसणाऱ्या यादीत डेटा वर आला, विंडोज खाली.

आमच्या सूचनापत्रात पायरी सात अशी आहे: "यादीत सगळ्यांत वर दिसेल ते C. ते पुसा. खालच्या D ला हात लावू नका."
नागनाथने वरचं पुसलं. पत्रात आहे तसं.
विंडोज अजून शाबूत आहे. जे घालवायला गेलो होतो, ते.

पत्र मी लिहिलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आणखी एक. आवृत्ती दोनमध्ये पायरी सहा होती: "D ची बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या." एका यंत्राला दीड तास लागायचा, दिवसात चारच यंत्रं व्हायची. आवृत्ती तीनमध्ये ती पायरी मी काढली. D ला हात लावायचाच नाही तर प्रत कशाला, असा माझा मुद्दा. बैठकीत नागनाथ म्हणाला होता, "मॅडम, कॉपी ऱ्हाऊ द्या की. मशीन कुणी कसं जोडलंय काय सांगावं." मी म्हणाले, गरज नाही.
इतिवृत्त उघडून पाहिलं. "चर्चेनंतर पायरी वगळण्यात आली." इतिवृत्तही माझंच.

आई विचारत होती, तब्येत बरी आहे का. बरी आहे. ताप नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
पुण्याहून पाठक सरांचा फोन. मार्चमध्ये देशभर स्वयंसेवकांची मोहीम आहे: शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती, जुन्या यंत्रांवर मुक्त सॉफ्टवेअर. राज्याचं काम ते बघतात. सोलापूरचं सूचनापत्र त्यांना फार आवडलंय. हिंदी, कन्नड, तेलुगू भाषांतर करून सगळीकडे देणार.
"इतकं नेमकं कोणी लिहीत नाही हो."
मी म्हणाले, थोडी दुरुस्ती करून पाठवते.

रात्रीपर्यंत आवृत्ती चार तयार. प्रत घ्यायची पायरी परत घातली. पायरी सात बदलली: जागा क्रमावरून ओळखू नका, उघडून आत काय आहे ते बघून ओळखा.
बदल-नोंदीत लिहायचं असतं, काय बदललं, का बदललं. मी लिहिलं: "किरकोळ सुधारणा."

११ फेब्रुवारी, मंगळवार
६४ टक्के. मिळालेल्या फायलींना नावं नाहीत, नुसते आकडे. सूचीचा एक तुकडा सापडला, सुरुवातीचा. वाचून बघितला.
"गंगाबाई म्हणाल्या, पुस्तक जड आहे आणि गोष्टही जड आहे."
"शिवप्पा, तिसऱ्यांदा नेतो. शेवट आवडत नाही म्हणाला, तरी नेतो."
"पाने ४० ते ४४ नाहीत. वाचणाऱ्याने सांगितले नाही. न वाचता आणले असावे."
हसू यायला हवं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पाठक सरांनी आजवरच्या कामाच्या अहवालाचा मसुदा पाठवला. सोलापूर जिल्ह्याखाली एक ओळ: "वळसंग येथे स्वयंसेवकाच्या निष्काळजीपणामुळे डेटा नष्ट झाला, स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणावर भर आवश्यक." नागनाथचं नाव नाही. पण वळसंगचं नाव आहे, आणि वळसंगला खुर्चीत कोण होतं ते जिल्ह्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या दुकानात येणाऱ्यांनाही कळेल. यंत्र दुरुस्तीला देताना लोक आधी तेवढंच बघतात, याच्या हातून काही जातं का.
खाली विचारलं होतं, "मान्य?"
मी "ठीक आहे" लिहून पाठवलं. ९.४२.

१५ फेब्रुवारी, शनिवार
काही नोंद नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
कॉलेजात दुसऱ्या वर्षासमोर मुक्त सॉफ्टवेअरवर तासभर बोलले. नेहमीचंच. प्रत्येक बदल कोणी केला, का केला, हे सगळ्यांना दिसतं. म्हणून चूक लपत नाही, म्हणून ती दुरुस्त होते. हे वाक्य मी तीन वर्षं बोलते आहे. आजही आवाज तसाच आला.
मागून एका मुलीने विचारलं, "मॅडम, आणि नोंदच खोटी लिहिली तर?"
मी म्हणाले, चांगला प्रश्न आहे. पुढची स्लाईड घेतली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
१०० टक्के. सूचीच्या साधारण तिसऱ्या भागाइतकं मिळालं. बाकीच्यावर लिनक्सच्या फायली लिहिल्या गेल्यात, ते येणार नाही. दोनदा तपासलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
वळसंगला एकटी गेले. मिळालेलं यंत्रावर टाकलं, काकांना उघडून दाखवलं. ते चष्मा वर-खाली करत बराच वेळ वाचत होते.
"शिवप्पा हाय की ह्यात! गेला गेल्या साली."
मग उरलेलं मिळणार नाही हे सांगितलं. पूर्ण वाक्यात, अंदाज न ठेवता.
"असू द्या अक्का. यंत्र ते. माणसाचं डोस्कं तरी कुटं सगळं ठेवतंय?"
चहा आला. काका म्हणाले, "नागनाथला मातुर कुणी बोलू नका. लई लावून घेतलंय त्यानं. दर गुरुवारी दुकान बंद ठेवून येतो. रजिस्टर घेऊन बसतो, नावं टाईप करतो. मी म्हणलं राहू दे रे, तर म्हणतो, काका, शेरा आठवंल तसा तुमी सांगा, मी टाईप करतो."
किती गुरुवार झाले ते विचारलं.
"तीन. पाऊणशे पुस्तकं झाली."

मी म्हणाले, काका, चूक नागनाथची नव्हती. पत्रात चुकीचं लिहिलं होतं. पत्र माझं होतं.
काकांनी कप खाली ठेवला. "त्याला सांगितलं का?"
नाही.
"मग मला सांगून काय हुतंय, अक्का?"

बसमध्ये जागा मिळाली. सोलापूर येईपर्यंत कशाचाही विचार केला नाही. करायचा प्रयत्न केला होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार
मेल पाठवला. आमच्या गटाला, पाठक सरांना आणि देशभरच्या स्वयंसेवकांच्या मेल-यादीला. जसाच्या तसा उतरवते:

"वळसंग येथे डेटा नष्ट होण्याचे कारण आवृत्ती तीनमधील पायरी सात. ती मी लिहिली. प्रत घेण्याची पायरी मी वगळली. नागनाथ यांनी बैठकीत त्याला हरकत घेतली होती, ती मी इतिवृत्तात नोंदवली नाही. त्यांनी पत्राप्रमाणेच काम केले. आवृत्ती चारमधील बदल 'किरकोळ' नव्हता. अहवालातील निष्काळजीपणाची ओळ काढावी. मी ती ५ तारखेपासून चुकीची आहे हे माहीत असताना मान्य केली."

शेवटचं वाक्य वाचल्यावर चुकीचं निघालं. ५ तारखेला अहवाल नव्हताच. मला कारण तेव्हा कळलं होतं, एवढंच खरं. पण मेल गेला होता. खाली दुरुस्ती पाठवली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
पाठक सर: "प्रामाणिकपणा कौतुकास्पद. अहवाल मात्र छापायला गेला, बघतो काय करता येतं."
सरोजाचा फोन. तिच्या घरी तेलुगू चालू होतं मागे, सासू काहीतरी ओरडत होती.
"अगं, वीस दिवस? वीस दिवस तू आमच्यासोबत बसून चहा पीत होतीस?"
"हो."
"आणि मी त्याला ग्रुपवर घाई करू नका म्हटलं. मी!"
तिने फोन ठेवला. मग पाच मिनिटांनी परत केला, तेलुगू भाषांतराच्या तारखेबद्दल. आवाज कोरडा. तारीख सांगितली.

नागनाथला मेल पोचलाय. उत्तर नाही.

१ मार्च, शनिवार
अहवालातून ती ओळ निघाली नाही. शेवटी एक शुद्धिपत्र जोडणार आहेत. शुद्धिपत्र किती जण वाचतात ते मला माहीत आहे.

३ मार्च, सोमवार
नागनाथला फोन केला. दुकानात होता, मागे ग्राहक.
"बोला मॅडम."
मी मेलमधलं परत सांगितलं. त्याने मध्येच थांबवलं.
"मला दुसऱ्याच दिशी कळलं हुतं. तुमचं पत्र हाय की माझ्याकडं. सकाळी काढून वाचलं."
"मग बोलला का नाहीत?"
"तुमी बोलाल म्हणून."
ग्राहक किंमत विचारत होता, नागनाथने ती सांगितली.
मी विचारलं, रविवारी टेंभुर्णीच्या शाळेत यंत्रं करायची आहेत, याल का.
"आदी वळसंगचं संपू द्या."
मी म्हणाले, मी येऊ का वळसंगला? गुरुवारी?
"रजिस्टर एकच हाय, मॅडम."
"एकाने वाचायचं, एकाने टाईप करायचं."
"टाईप मी करणार," तो म्हणाला. आणि मग, "बरं, ठेवतो. गिऱ्हाईक हाय."
ये म्हणाला नाही. येऊ नका, असंही म्हणाला नाही.

५ मार्च, बुधवार
उद्या गुरुवार. ११ आणि १२ वाजता माझे तास आहेत. रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी आधी 'वैयक्तिक' लिहिलं होतं, ते खोडून 'वळसंग वाचनालय, ग्रंथसूची वाचून दाखवणे' असं लिहिलं.
अर्ज पर्समध्ये आहे. विभागप्रमुख पाच वाजता गेले तोपर्यंत दिला नव्हता. सकाळी साडेनऊला येतात. वळसंगची बस पावणेदहाला.