डाग असेल तर परत नाही

५ जानेवारी, रविवार

गादी आली! एवढ्याशा खोक्यात डबल बेडची गादी. हर्षदच्या आई बघतच राहिल्या. हर्षदने प्लास्टिक कापलं आणि ती फुसफुसत फुगायला लागली. नव्या रबराचा वास घरभर. पंखा फुल, खिडक्या उघड्या, तरी जाईना.

हायब्रीड म्हणजे खाली स्प्रिंगा, वर फोम. स्वस्तातली आहे म्हणून हर्षदला संशय जास्त. आयुष्य लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये गेलेला माणूस. त्याने कामावरची बुडबुड्याची लेव्हल काढून चारी कोपऱ्यांवर ठेवली. मग अॅल्युमिनियमची लांब पट्टी आडवी टाकून मधे खड्डा पडतो का ते वाकून पाहिलं. मग एका कडेला पाण्याचा ग्लास ठेवला आणि मला म्हणाला, "तू पलीकडे धपकन बस." बसले. ग्लास हललासुद्धा नाही. "झकास!"

आई दारातून म्हणाल्या, "गादी घेतलंस काय लिफ्ट बसवतंस?"

सगळं चाललंय ते त्याच्या कमरेसाठी. स्लिप डिस्क. डॉक्टर म्हणाले, कापसाची गादी बदला. ही शंभर रात्री वापरून बघायची, नाही पटली तर कंपनी परत नेते. अट एकच — डाग नको.

ऑर्डर करताना मी म्हटलं होतं, वॉटरप्रूफ कव्हर पण घेऊ. हर्षद हसला. "घरात लहान मूल आहे का?"

मीही हसले.

६ जानेवारी, सोमवार

मला छान झोप लागली. हर्षद म्हणतो, आत्ताच काही सांगणार नाही.

९ जानेवारी, गुरुवार

लिहू की नको. इथे नाही लिहिलं तर कुठे!

तीन-चार दिवस खोकला आहे. पहाटे एक उबळ आली, ती थांबेना — आणि झालं. नेहमी होतं तेवढं नाही. नेहमी थेंबभर होतं, शिंकताना, जिना उतरताना. शौनकच्या बाळंतपणानंतर सुरू झालं, आता तो नाशिकला इंजिनिअरिंगला आहे! पॅड लावते, गडद रंगाची सलवार घालते, हसायचं असलं की आधी पाय आवळते. कुणाला कळलेलं नाही. हर्षदलाही नाही.

आज गाऊन ओला, चादर ओली, आणि खाली ती नवी पांढरी गादी.

हर्षदची फर्स्ट शिफ्ट होती, तो बाथरूममध्ये होता. चादर ओढून काढली, टॉवेलने दाबून दाबून पुसलं. तो बाहेर येईपर्यंत नवी चादर घातली. "आज चादर बदलायचा वार आहे?" म्हणाला. खोकल्याचं औषध सांडलं म्हणाले. लगेच सुचलंही! चव्वेचाळीस वर्षांची बाई मी.

तो गेल्यावर सोडा लावला, लिंबू लावलं. डाग फिकट झाला, पण कडेने पिवळी रेघ राहिलीच. पाणी सांडलं म्हणायची सोय नाही — पाण्याला पिवळी कड येत नाही.

उलटताही येत नाही. फोम एकाच बाजूला. डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवली, एकटीने, भिंतीला पाय लावून. आईंनी आवाज ऐकला असणार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ वाटून आले. हर्षदने खाल्ला नाही, कंबर धरून बसला होता. "गादी मधे बसतेय," म्हणतो. पट्टी आणली. खरंच बसत होती, त्याच्या बाजूला बोटभर फट.

माझी बाजू अजून सपाट. मी वजनाने कमी.

तो म्हणाला, "परत देऊन टाकू."

मी म्हणाले, "इतक्यात? अरे, बॉडीला सवय व्हायला महिना लागतो. वेबसाइटवरच लिहिलंय."

लिहिलेलं आहे खरं. पण मी ते त्याच्या कमरेसाठी नाही सांगितलं.

१७ जानेवारी

माझी पाठ किती मोकळी झालीय, असं त्याला दोनदा सांगितलं. माझी पाठ कधी दुखतच नव्हती.

२१ जानेवारी, मंगळवार

आमच्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवर आज एक बाई आली. युरिन कल्चर होतं. डबी हातात दिली तर ओढणीखाली लपवली. मी नेहमीसारखं म्हणाले, "लाजायचं काय त्यात मॅडम? शरीर आहे." ती हळूच म्हणाली, "खोकला आला की थांबतच नाही हो." मी म्हणाले, "खूप जणींना होतं. लेडी डॉक्टरला दाखवा, व्यायाम असतात, बरं होतं."

किती गोड आवाजात म्हणाले! ती थँक्यू म्हणून गेली. मी पुढचं सॅम्पल घेतलं. दिवसभर माझाच आवाज कानात.

२४ जानेवारी, शुक्रवार

हर्षदची कंबर धरली. गोरेगावच्या एका टॉवरमध्ये, लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता, वर येता येईना. सोबतच्या सीतारामने आणि वॉचमनने मिळून काढला. रिक्षात आडवा घालून आणला. लिफ्ट चार फूट वर लटकलेली आणि हा खाली अडकलेला — सीताराम सांगत होता.

फिजिओने पहिला प्रश्न विचारला, "झोपता कशावर?" हर्षदने सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या वजनाला फार मऊ. ताबडतोब बदला."

तो माझ्याकडे बघून बिचारा म्हणाला, "पण हिला ती खूप सूट झालीय."

तिथेच जमिनीने गिळावं असं वाटलं.

२५ जानेवारी

प्लाय टाकू या का खाली, असं विचारलं. हर्षदने सरळ फोनवरून परतीची रिक्वेस्ट टाकली. आता जमिनीवर चटईवर झोपतो.

आज सांगणार होते. भाजी फोडणीला टाकली, गॅस बंद केला, खोलीच्या दारापर्यंत गेले. तो डोळे मिटून पडला होता. परत आले.

१ फेब्रुवारी, शनिवार

आजच लिहून टाकते.

गादी न्यायला दोघं आले. मी सकाळीच डागावर पुन्हा घासलं होतं, सुकवलं होतं, वाटलं होतं चालून जाईल. त्यांनी चादर काढली, मोबाइलचा टॉर्च मारला. एकजण म्हणाला, "साहेब, दाग है. रिटर्न नहीं होगा." दुसरा फोटो काढायला लागला. त्या जागेचे फोटो, जवळून, लांबून!

हर्षद कमरेला पट्टा बांधून भिंतीला टेकून उभा. "कसला दाग?" पुढे आला. बघितलं. वास घेतला की काय — नक्की माहीत नाही, पण एक गुडघा टेकला होता. मग माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात आई. हातात परात तशीच, पीठ लागलेली.

"माझ्याकडसून झाला ता. दुपारची जरा आडवी झाल्लंय थंय. कळाकच नाय माका."

त्या दोघांतला एक हसू दाबत बाजूला वळला. हर्षदचे कान लाल झाले. मग तो आईंना एवढंच म्हणाला, "सांगायचं ना, आई." अगदी मऊ आवाजात. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आई परत आत गेल्या. मी तिथेच उभी. मी बोलले नाही. दोन शब्द होते — "माझा आहे" — आणि मी बोलले नाही.

नंतर स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "आई, का?" त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझा वय झाला. माका कोण हसतलो? तुका अजून त्या खोलयेत निजाचा आसा."

म्हणजे माहीत होतं. कधीपासून कुणास ठाऊक.

२ फेब्रुवारी, रविवार

हर्षदने मुलुंडला गंधालीताईंना फोन करून सांगितलं. बहीण आहे त्याची, सांगणारच. ताई दुपारी हजर. मोठ्यांच्या डायपरचं पाकीट घेऊन, पारदर्शक पिशवीत, सगळ्या लिफ्टने बघितलं असणार.

"आई, संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद हं." लहान मुलाशी बोलतात तसं. "आणि सोफ्यावर बसताना खाली टॉवेल."

आई हो म्हणाल्या. टॉवेलवर बसल्या.

मी सगळ्यांना चहा दिला.

४ फेब्रुवारी

आईंनी जेवताना पाणी घेतलं नाही. मी तांब्या पुढे केला तर हर्षद म्हणाला, "ताईने सांगितलंय ना." आईंनी सुका घास गिळला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बिल्डिंगच्या भजनी मंडळातल्या बायका महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेला चालल्यात. बस ठरलीय. आईंचं माहेर तिकडचंच, देवगडजवळ. सासरे गेल्यापासून त्या गेलेल्या नाहीत. महिनाभर नव्या पातळाचं बोलत होत्या.

आज हर्षदने मालनताईंना फोन केला, मंडळाचं सगळं त्याच बघतात. मी शेजारीच कपडे वाळत घालत होते. "आईचं नाव काढा. नाही नाही, बरी आहे, पण जरा... बसमध्ये प्रॉब्लेम होईल तिला. वय झालं ना."

आई आत होत्या. ऐकलं. टीव्हीचा आवाज वाढवला.

आता सगळ्या बिल्डिंगला कळेल. जे माझं आहे ते.

८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

सकाळी आई देवळात गेल्यावर. हर्षद चटईवर गुडघे वर करून व्यायाम करत होता. मी त्याच्याजवळ फरशीवर बसले. बसूनच सांगितलं, उभं राहून धीर झाला नसता.

"तो डाग माझा आहे."

त्याला कळलंच नाही. "कुठला?" म्हणाला. मग गुडघे खाली घेतले.

"तुझा? म्हणजे आई..."

"आईंचा नाही. माझा. खोकला आला होता त्या दिवशी. बरीच वर्षं होतंय मला."

त्याने छताकडे नजर वळवली. मग म्हणाला, "म्हणजे तुझी पाठ मोकळी झाली वगैरे..."

"खोटं."

"आणि बॉडीला सवय लागते..."

"मला ती परत जायला नको होती."

"मी खड्ड्यात अडकलो होतो, कल्पिता."

मला रडू आलं नाही. रडले असते तर त्याने समजूत काढली असती, आणि तेवढी माझी लायकी नव्हती.

मग एकदम त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. "आईला मी टॉवेलवर बसवलं." पुन्हा पुन्हा तेच. "टॉवेलवर बसवलं मी तिला."

भिंतीला धरून उठला, बाहेर जाऊन सोफ्यावर बसला. आई आल्या. चप्पल काढायच्या आधीच त्यांना त्याचा चेहरा दिसला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांगितलंस काय गो? सगळा फुकट घालवलंस!"

रागावल्या होत्या. खरंच रागावल्या होत्या माझ्यावर.

हर्षदने तांब्या भरून आणला. कमरेतून वाकता येत नाही, तसाच ताठ उभा राहून त्यांच्यापुढे धरला. "पी आधी." त्या अर्धा तांब्या प्यायल्या.

९ फेब्रुवारी

हर्षद माझ्याशी बोलत नाही. गंधालीताईंना फोन केला त्याने — "आईचं नव्हतं ते, गैरसमज झाला." कुणाचं होतं ते सांगितलं नाही. तिकडून ताई विचारत असणार, कारण तो तीनदा "सोड ना" म्हणाला.

मालनताईंनाही केला. आईंची जागा आहे अजून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज चहा त्याने केला. माझ्या कपात साखर नव्हती. विसरला की राग, कळेना. तशीच प्यायले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

त्याला जुनी कापसाची गादी जमिनीवर घालून दिलीय, फिजिओला विचारूनच. नव्या गादीवर मी एकटी. खरं सांगायचं तर गादी चांगली आहे, माझ्या वजनाला. कूस बदलली तरी करकरत नाही, उकडतही नाही. इतकी चांगली गादी आणि अंग चोरून एका कडेला झोपते.

सकाळी तो खालून म्हणाला, "डॉक्टरला का नाही दाखवलंस इतकी वर्षं?"

"लाज वाटली."

"कुणाची? माझी?"

हो म्हणाले. त्याला ते डागापेक्षा जास्त लागलं. दिसलं मला.

थोड्या वेळाने म्हणाला, "मंगळवारी दाखवून ये. मी अजून सुट्टीवरच आहे. येऊ?"

मी म्हणाले, "नको. आईंना नेते सोबतीला." बायकांच्या दवाखान्यात बाहेर बाकावर बसलेला हर्षद — तेवढं अजून जमणार नाही मला. तो "बरं" म्हणाला. आज चहात साखर होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लेडी डॉक्टरकडे गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कोण?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "दोघी."