हातातलं आणि हाताबाहेरचं

नांदेड,
रविवार

प्रिय अमरेश,

हल्ली आमच्याकडे दूधवाल्याच्या आधी तुझा रोमन तत्त्वज्ञ येतो. मोबाइल उघडावा तर गुलाबाच्या चित्रावर त्याचं वचन: जे आपल्या हातात नाही त्याचं ओझं वाहू नये. वचन दोन हजार वर्षांचं आणि गुलाब आज सकाळचा, ही सांगड तूच घालू जाणे. कृषी खात्यात जन्म काढलास, गुलाबाला अळीबिळी लागलेली दाखवलीस तर निदान खरं तरी वाटेल. मी उत्तराला नुसते हात जोडून पाठवतो, ते पाहून तुला वाटत असेल की रामलिंग सुधारला. सुधारलेलो नाही. जे सांगायचंय ते अंगठ्याने दाबून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

आधी तू दिलेल्या त्या रोमनांच्या पुस्तकाचं सांगतो, म्हणजे वाचलं की नाही ही तुझी शंका फिटेल. वाचलं. माझं शिक्षण संस्कृत पाठशाळेतलं, त्यामुळे समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं मांडायचं आणि मगच खोडायचं, ही खोड जात नाही. तुझे हे विरागी लोक मला आवडले. एक बादशहा, एक गुलाम, आणि दोघांचं म्हणणं एकच. आमच्या संस्थेत अध्यक्षाचं आणि शिपायाचं कधी एकमत झालेलं मी पाहिलं नाही. लढाईच्या तंबूत बसून स्वतःचीच समजूत घालणारा तो बादशहा तर फारच जवळचा वाटला. आपल्याकडेही समत्व वगैरे सगळं सांगितलेलं आहेच. फरक इतकाच की आम्ही ते चौदाव्या वर्षी पाठ केलं, जेव्हा सुखदुःख समान मानायला जवळ दोन्ही नव्हती. चांगले गुण मिळाले. ते आता कुठल्या दुकानात चालतात ते बघतोय.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एक दिवस खरंच करून पाहिलं. दोन रकाने मनात आखले, आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं. अर्धांगाच्या झटक्यानं गेलेला शिवगंगेचा उजवा हात हाताबाहेर. तिची वाचा हाताबाहेर. त्या सकाळी ती फुलांची परडी घेऊन अंगणातून आत आली आणि उंबऱ्याशी बसली ती बसलीच, ते हाताबाहेर. आपल्या हातात काय, तर तिचा चमचा, तिची वेणी आणि माझं मन. वेणी वाईट जमते. मनाचं विचारू नकोस.

दवाखान्यातून घरी आणल्यापासून ती बोलत होती, हे तुला फोनवर नीट सांगितलं नव्हतं. वाचा गेली असं मी म्हणत राहिलो, कारण डॉक्टर तसंच म्हणाले होते. पण ती बोलायची. भरभरून, रागावून, मधेच आर्जवानं. आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. शेजारच्या यशोदाबाई दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, वहिनी लई बडबड करून राहिल्यात, त्यांच्यापाशी देवाचं नाव घेत जावा." वाचा शिकवायला एक मुलगी यायची, गुणी पोरगी. पहिल्या दिवशी कागद भरताना तिनं विचारलं, "काका, काकूंची मातृभाषा?" मी म्हणालो, मराठी. विचारसुद्धा केला नाही रे. घरची भाषा मराठी, मुलाची मराठी, भाजीवालीशी भांडण मराठीतून; इतक्या वर्षांच्या संसारानंतर बाईची आई कुठल्या भाषेत बोलायची हे कोणाच्या लक्षात राहतं? झालं. ती पोरगी रोज चित्रं धरायची, "काकू, हे काय? डोंगर. म्हणा, डोंगर." गंगा चित्राकडे बघायची, काहीतरी बोलायची, आणि आम्ही दोघं मान हलवायचो, नाही नाही, डोंगर. ती पुन्हा सांगायची. आम्ही पुन्हा डोंगर.

मग पंधरवड्यापूर्वी एका दुपारी मी वरणभात भरवत होतो. चार घास झाले. तिनं डावा हात उचलला, ताटलीवर आडवा धरला आणि म्हणाली, "साकु."

अमरेश, तुझ्या डोळ्यांसमोर औरादची ती पंगत आली की नाही? नवा जावई म्हणून मला पाटावर बसवलेलं, सासूबाई होळग्यांवर होळग्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, वाढताहेत, मी "नको, नको" म्हणतोय आणि प्रत्येक नकोला एक वाढतेय. तू शेजारी बसून मिशीत हसत होतास. शेवटी कानाशी लागून म्हणालास, "रामलिंग, इथं मराठीतलं नको चालत न्हाई. ताटावर हात धर आन् साकु म्हण, नायतर मरशील." साकु म्हणजे पुरे. तेवढी एकच कानडी मला येते, आणि तीही तुझी देणगी.

चमचा हातातच राहिला. इतके दिवस बडबड बडबड म्हणत होतो ती कानडी होती. ती डोंगराला डोंगरच म्हणत असणार, आणि आम्ही दोन शिकलेली माणसं तिला चुकीचं ठरवत होतो. त्या पोरीला फोन केला. ती बिचारी रडकुंडीला आली. म्हणाली, काका, असं होतं कधीकधी, नंतरची भाषा पुसते आणि लहानपणची राहते. पण मला कानडी येत नाही. मी म्हटलं, बाळ, मला तरी कुठे येते. दोन हजार वर्षांपूर्वी बोलणं थांबलेल्या भाषेत मी स्वप्नं पाहू शकतो, आणि माझ्याच पलंगावरची बाई पाणी मागते की शिवी देते ते कळत नाही. तुझ्या गुलामाला हे सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

उपाय केले नाहीत असं समजू नकोस. अंगद पुण्याहून आला, त्यानं मोबाइल तिच्या तोंडापाशी धरला. म्हणे हा भाषांतर करतो. तिची जीभ अजून जड आहे, शब्द घसरतात. मोबाइलनं शांतपणे सांगितलं, "म्हशीला निवडणूक द्या." आम्ही बापलेक हसलो, आणि गंगा आमच्याकडे पाहत राहिली. ती नजर मला विसरता येत नाही. मग स्टेशनकडच्या हॉटेलातला कानडी मॅनेजर विनवून आणला. सज्जन माणूस, हात जोडून दाराशी उभा राहिला, तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. तिनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. परक्या पुरुषासमोर ती मराठीतूनही बोलत नव्हती, कानडीतून काय बोलणार. तिच्या माहेरचं कोणी उरलं नाही, हे तुला सांगायला नको.

आता खरं सांगतो. साकु म्हणून ती थांबत नाही. जेवण झाल्यावर म्हणते, तिचे हात-पाय हलवून व्यायाम द्यायला येणाऱ्या माणसाला म्हणते, ते एक वेळ ठीक. पण संध्याकाळी मी नुसता शेजारी बसलेला असतो, ताटली नाही, चमचा नाही, तेव्हाही ती माझं मनगट धरते, साकु म्हणते आणि पुढे एक लांब वाक्य बोलते. रोज तेच वाक्य असावं, चाल तीच असते. मग वाट बघते. मी मान हलवतो. एकदा हो म्हणून हलवली, एकदा नाही म्हणून. दोन्ही वेळा तिनं डोळे मिटले. कशाला हो म्हणालो आणि काय नाकारलं, देव जाणे.

तुझ्या पुस्तकात शेवटाकडे ते प्रकरण आहे ना, जगणं असह्य झालं तर दार उघडंच असतं, माणसानं शांतपणे उठून जावं असं सांगणारं? आधी ते मी पंडिती थाटात वाचलं होतं, बाजूला प्रश्नचिन्हही काढलं होतं. आता संध्याकाळी ती मनगट धरते तेव्हा तेवढंच आठवतं. पुरे म्हणजे काय पुरे? वरण, व्यायाम, माझी वेणी, की सगळंच? ती दाराकडे बोट दाखवत नाही, पण बोट दाखवणारा हातच गेलाय. मराठी तिच्यापर्यंत किती पोचते ठाऊक नाही, पण मी तिला पुस्तक वाचून दाखवायचो, ते बंद केलं. चुकून तिला काही सुचायचं.

अयोध्यावहिनी गेल्यावर याच पुस्तकानं तुला उभं केलं, मला ठाऊक आहे. त्यानंतर तू कुठल्याच आजाऱ्याच्या खोलीत पाऊल ठेवलं नाहीस, तेही ठाऊक आहे. गंगा दवाखान्यात होती तेव्हा तू लातूरहून फाटकापर्यंत आलास, समोरच्या टपरीवर मला चहा पाजलास, पिशवीतून पुस्तक काढून दिलंस आणि "येतो" म्हणून परतीची बस धरलीस. मी राग धरला नाही. आजही धरत नाही. ज्या खोलीतून एकदा असा बाहेर आलास, त्या खोलीत पुन्हा जा असं कोण कोणाला सांगणार.

पण सांगतोय. आमचं लग्न तू जमवलंस, तिच्या गल्लीत वाढलास, ती तुला अण्णा म्हणते. तुझ्यासमोर ती पदर ओढणार नाही. फोनवर तिचे घसरणारे शब्द तुला कळायचे नाहीत; एक संध्याकाळ तिच्याजवळ बस, ते वाक्य ऐक आणि तिला तिच्या भाषेत उत्तर दे. मग मला सांग. पाणी, उशी, अंगद, काहीही असेल. आणि मला भीती वाटते तेच असेल तर तेही सांग, मऊ करून सांगू नकोस, तुझी कानडी माझ्या संस्कृतइतकी चोख आहे. मी दोन्ही रकाने पुन्हा पुन्हा तपासले, अमरेश. तिच्या हातात काही नाही, माझ्या हातात चमचा आहे. एवढं एकच काम मला तुझ्या रकान्यात सापडलं. पुस्तक आणू नकोस. चहा या वेळी मी पाजतो, पण फाटकाबाहेर नाही, तिच्या खोलीत.

वाट पाहणारा, तुझाच
रामलिंग