चांदीची डबी

सोमवार, २१ फेब्रुवारी १९९४. हैदराबाद.

महादेवीच्या यकृतात डाग आहे, एवढं परभणीच्या सोनोग्राफीत कळलं. तो कसला, हे एमआरआय सांगणार म्हणून आज तिला इथे आणलं. मशीनजवळ धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी तिने मुकाट्याने दिली. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर मात्र मूठ आवळली.

"लिंग जित्या अंगावरून उतरत न्हाई."

"डबीच दे गं. लिंग फडक्यात बांधू."

मशीनवाल्याने तपासलं. नुसता दगड आहे, चालेल म्हणाला. आत जाताना म्हणते, "डबी हरवू नका, तुमचा काय भरोसा न्हाई."

डॉक्टर म्हणाले, फोटोत डाग पाण्यासारखा पांढरा उजळला तर बहुधा रक्तवाहिन्यांची साधी गाठ. नाही उजळला तर... ते थांबले. मीही विचारलं नाही. का नाही विचारलं? निकाल उद्या.

ती बायकांच्या वॉर्डात, मी धर्मशाळेत. डबी अजून माझ्याच खिशात. घरी संध्याकाळच्या पूजेला ती समोर बसते, माझ्याआधी डोळे उघडते. आज डोळे उघडले तर समोर भिंत.

तीस वर्षांत पूजेत कधी काही मागितलं नव्हतं. आज तळहातावरच्या माझ्या इष्टलिंगाला म्हणालो, डाग पांढरा असू दे, हिला घरी नेता येऊ दे. वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. पुन्हा मागितलं.