आंब्याच्या बागेतली विहीर, वाटेसह

मी, वृंदा महादेव टिपणीस, वय ७४, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार रोहा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. हृदय दुबळे झाले आहे, स्मरण शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही.

१. रोह्यातले राहते घर मुलगा निमिष यास. बँकेतील ठेवी मुलगी ऋजुता हिस. माझ्या बांगड्या नात सुरभीला. यावरून दोघांनी भांडू नये.

२. यजमानांमागे माझ्या नावावर झालेल्या आंब्याच्या बागेतली विहीर, भोवतीची तीन गुंठे जागा व रस्त्यापर्यंतची वाट लगतच्या कातकरवाडीतील कुटुंबांना सामाईक मालकीने द्यावी. उरलेली बाग निमिषची. त्याला ती फार्महाऊसवाल्यांना विकायची आहे आणि विहिरीशिवाय गिऱ्हाईक येत नाही. तो हरकत घेणार, म्हणून कारण लिहिते.

उन्हाळ्यात वाडी आमच्याच विहिरीवर पाणी भरायची. २०१८ च्या मार्चमध्ये पंपाची केबल चोरीला गेली. यजमान नको म्हणत असताना मी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातले. वाडीला उरला ओढा, ज्यात आमच्या गावाची गटारे उतरतात.

सरू वाडीतली. आमच्याकडे एकोणीस वर्षे धुणीभांडी करत होती. पोरे जुलाबाने पडली म्हणून तिने किल्ली मागितली. मी वर्गात सांगावे तसे सांगितले, की पाणी उकळून प्या.

ती म्हणाली, "बाई, लाकडा आणू का मजुरीला जाऊ?"

मी किल्ली दिली नाही.

मे महिन्यात वाडीत कावीळ आली. सरूची मुलगी शकू सात महिन्यांची गरोदर होती. माझी ऋजुताही तितक्याच दिवसांची. ती पेणला सासरी, फिल्टरचे पाणी पीत होती, डॉक्टरांकडे वेळेवर जात होती. वाडीला रस्ता नाही. शकूला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणले. दवाखाना येण्याआधीच ती पोटातल्या जिवासकट गेली. ही कावीळ पाण्यातून येते आणि गरोदर बाईला फार जड जाते, असे डॉक्टरांनी मला नंतर सांगितले.

जुलैत ऋजुताला माहेरी सुरभी झाली. बाळंतिणीचे करायला मी सरूलाच निरोप धाडला. मला तेही सुचले. चाळीस दिवस तिने सुरभीला पायांवर घेऊन न्हाऊ घातले. एकदाच, तेल चोळताना, म्हणाली, "माझ्या शकूचापण येवढाच झाला असता."

केबल आमच्याच वायरमनने विकल्याचे दिवाळीत कळले. तरीही कुलूप तसेच राहिले. का, ते मला आजही लिहिता येत नाही. सरू गेल्या वर्षी क्षयाने गेली.

३. सुरभी जाणती झाली की ऋजुताने तिला हे सगळे सांगावे. काही गाळू नये.

४. विहिरीचे मी सरूच्या मुलाला, जितेशला, बोलावून सांगितले. तो म्हणाला, "बाई, वाडीत आता चारच घरा हायत. बाकीची वीटभट्टीवर गेली, परत नाय आली. पाणी पिणार कोण?" शिवाय शेजारच्या बोअरवेलींमुळे विहीर एप्रिलातच आटते. तरीही द्यावी.

५. माझ्या शोकसभेत या विहिरीचा उल्लेख करू नये. दस्तात 'दान' हा शब्द कुठेही घालू नये. व्यवस्था ऋजुताने पाहावी.

स्थळ: रोहा
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५
सही: वृंदा म. टिपणीस

वृंदाबाईंनी वरील मजकूर वाचून आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. निकेश शां. गुप्ते, वकील, अष्टमी
२. नूतन र. म्हात्रे, निवृत्त परिचारिका, पेण