माझ्या फोटोच्या रुंदीबाबत

मी गोमटेश आप्पासाहेब मगदूम, वय एकतीस, धंदा फ्लेक्स डिझायनिंग, राहणार निपाणी. डोकं ठिकाणावर आहे, कावीळ उतरलीय, कुणी पाजलेली न्हाय की दम दिलेला न्हाय. स्वखुशीनं लिहून ठेवतो.

कारण असं. मी काविळीनं पडलो होतो, तेव्हा शेजारच्या दुकानातल्या सूरजनं माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स बनवून ठेवला. आमच्या धंद्यात आजाऱ्याचा फ्लेक्स आधीच तयार असतो. बातमी आली की तारीख टाकायची नि प्रिंट मारायची. बरा होऊन त्याच्याकडं गेलो, तर स्क्रीनवर मीच. गाल भोपळ्यासारखे.

"गोम्या, उठलास व्हय रं? मग हे डिलीट मारू?"

"आधी ताणलास कशाला सांग!"

"चौकट मोठी, तू वाळकुडा. रिकामी जागा बरी दिसत न्हाय."

सबब माझ्यामागं पुढीलप्रमाणे व्हावं.

घर आईचं, म्हणजे श्रीमती कमला यांचं. कॉम्प्युटर बहीण प्रियाला. फ्लेक्सवर वर कन्नड, खाली मराठी हे तिनं विसरू नये. चुकलं की दोन्हीकडची माणसं दुकानात येतात.

पांढऱ्या शर्टातलं, हात जोडलेलं जे धड आहे, ज्यावर मी अर्ध्या निपाणीची मुंडकी बसवली, ते सर्वांना फुकट.

गॉगल नि सोनसाखळ्यांची फाईल वर्धमानला. तो खांबावर चढून दुसऱ्यांचे वाढदिवस टांगतो. त्याचा स्वतःचा कधी लागला न्हाय. तो लावावा नि त्यात त्याला दोन साखळ्या घालाव्यात.

सूरजला काहीही न्हाय. माझा फोटो मूळ मापातच छापावा. ताणलेला आढळल्यास मी वारलोच न्हाय असं समजावं.

हे कलम वाचून दाखवलं, तर आई भडकली. आप्पा गेले तेव्हा त्यांचा फोटोही सूरजनंच ताणलेला. फ्लेक्समधला तेवढा चेहरा कापून तिनं भिंतीला लावलाय.

"जन्मभर तंबाखूच्या वखारीत वाळला माणूस. सूरजनं एकदा तरी अंगावर मांस घातलं. त्यांच्या शेजारी तू काटकुळा उभारणार? लोक म्हणतील, बापानं खाल्लं, पोराला ठेवलं न्हाय."

मी परत पेन उघडलं.

सबब वरची मूळ मापाची अट रद्द. माझा फोटो सूरजनंच ताणावा, आप्पांच्या मापाला येईपर्यंत. कान तेवढे सोडावेत.

सही: गो. आ. मगदूम

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, तेव्हा चांगला धडधाकट होता:
१. मारुतीराव, चहावाले
२. सूरज (वाट्याला काही येत नसल्यामुळं साक्षीदार चालतो)

निपाणी, ता. १४ ऑगस्ट २०२४