बऱ्या माणसांचा गट

अल्पेश,

बोट बुडाली तेव्हा आपण दोघं भाऊ एकाच रिकाम्या कॅनला धरून तरंगत होतो. तरी तू समुद्रावर जायचं सोडलंस म्हणून अख्ख्या वेसावे कोळीवाड्यासमोर मी तुला भेकड म्हणालो. मी स्वतः किनाऱ्यावर राहिलो, ते गुडघा दुखतो म्हणून.

इस्पितळात नमिता डॉक्टर अभ्यासासाठी मेंदूचे फोटो काढत होत्या. एक गट धसका घेतलेल्यांचा, दुसरा त्याच संकटातून जाऊनही बरे राहिलेल्यांचा. तू सरळ पहिल्या गटात नाव दिलंस. मी लंगडत गेलो आणि ‘झोप लागते, भीती वाटत नाही’ असं लिहून दुसऱ्यात बसलो.

एमआरआयच्या नळीत मला झोपवलं, मशीन ठकठक ठोकायला लागलं आणि मला बोटीची फळी फुटताना ऐकू आली. घाबरलात तर दाबा म्हणून हातात दिलेला रबरी फुगा मी दाबला. त्यांनी बाहेर काढताच मी अनवाणी जिना उतरून थेट गेटपर्यंत पळत सुटलो.

मागून तू आलास. माझ्या चपला पायाशी ठेवल्यास आणि म्हणालास, “दादूस, घाल. लादी तापलीय.” गुडघ्याचं काहीच विचारलं नाहीस.

विचारायचं होतंस रे. चारचौघांत विचारायचं होतंस.

हे पत्र तुझ्या हातात द्यायची हिंमत नाही.

तुझ्याच गटातला,
हरेश्वर