भिंतीखालचा गोळा

प्रिय बाबा,

डब्याच्या वरच्या पुडात हे पत्र सापडेल. आधी जेवा आणि मग वाचा, नाहीतर घास उतरणार नाही. हवालदार म्हणत होते, भोंग्यावरून बोल, बाप आहे, पोराचं ऐकेल. मी नको म्हटलं. भोंग्यावरचं सगळ्या गल्लीला ऐकू जातं, आणि यातलं काही गल्लीने ऐकावं असं नाही.

काल मी तुम्हाला दुर्बिणीतून पाहिलं. वाळलात. न्हाणीचं पाणी काढायला स्वयंपाकघराच्या भिंतीलगत चर खणलात, त्यात तो गोळा निघाला. उखळी तोफेचा, लढाईतला. शेपटीचे पंख गंजलेत, पण मी बघत होतो ते टोक. ते चेपलं आहे. म्हणजे तो उडून येऊन आपटला, फुटायला निघाला आणि मध्येच कुठेतरी अडला. कशाने अडला ते कोणालाच सांगता येत नाही, आणि कशाने सुटेल तेही. असा गोळा हलवायचा नसतो. भोवती वाळूची पोती रचतात, शेजारी थोडी स्फोटकं ठेवतात आणि लांबून, वायरीने, आहे तिथेच उडवतात. भिंत जाईल. छपराचा सगळा भार त्याच भिंतीवर आहे, तेव्हा घरही जाईल. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा तुम्ही चरावर फळी टाकलीत, फळीवर खुर्ची मांडलीत आणि म्हणालात, माझ्या थोरल्याने उचलला होता, तुमच्यातल्याही कोणीतरी उचलावा. मला ओढायला याल तर लाथ घालीन गोळ्याला.

साहेब तुकडीत नवे, त्यांना थोरल्याचं माहीत नव्हतं. मला विचारलं. मी सांगितलं.

दादा आमच्या तुकडीत सगळ्यांचा लाडका होता, बाबा. उस्ताद त्याला रोज झापायचे. म्हणायचे, मरायची घाई असेल तर आधी रजेचा अर्ज टाक, हजेरीत घोळ होतो माझ्या. दादा हसायचा आणि अर्ज कोणाच्या नावाने लिहू म्हणून विचारायचा. पण नियम त्याने कधी मोडला नाही. हे तुम्हाला ठाऊक नसेल. तुम्हाला वाटतं तो वाघ होता, नियमबियम माझ्यासारख्यांना. खरं म्हणजे टोक चेपलेलं दिसलं की तो माझ्याही आधी मागे सरकायचा. आपल्या विहिरीच्या कपारीत गोळा निघाला, तेव्हाही वर येऊन तो पहिलं हेच म्हणाला, की जागेवरच उडवावा लागेल. मी काठावर होतो. तुम्ही त्याला म्हणालात, बापाची विहीर बुजवायला शिकलास का रे सरकारकडे? मग म्हणालात, धाकटी भागूबाई आहेच घरात, तूही बांगड्या भर. चार माणसं हसली. दादा ओलं पोतं घेऊन पुन्हा खाली उतरला. गोळा त्याने वर आणलाही. बांधापर्यंत नेला.

तेराव्याला कोणीतरी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, विहीर तरी वाचली. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, हा असता तर जवळ गेलाच नसता. तुम्ही ते शिवी म्हणून बोललात. मी त्यावर पुष्कळ विचार केला. बरोबर होतं ते. मी गेलो नसतो, आणि तुम्हाला दोन मुलगे असते.

त्या विहिरीचं पाणी मी पीत नाही. आई पीत होती, तुम्ही समोर बसायचात म्हणून.

आईचं सांगायचं राहिलं. मावशीकडे आहे. तिसऱ्या घरच्या शिंप्याला शिव्या देणं बंद करा, त्याने खबर दिलेली नाही. खबर आईने दिली. तुम्ही गोळ्याला दोर बांधायला निघालात ते तिने खिडकीतून पाहिलं आणि तशीच, पायात काही न घालता, चौकीपर्यंत गेली. मी तिला विचारलं, बाबांना काही निरोप आहे का. तिने हा डबा भरून दिला. निरोप नाही म्हणाली.

तुमचा हिशेब मला कळतो. आत माणूस असताना आम्ही उडवत नाही, आणि तुम्ही उठणार नाही, म्हणजे शेवटी कोणीतरी कंटाळून किंवा लाजून चरात उतरेल. त्यातून पोटचा पोर समोर आहे, चार माणसांत दोन शब्द सुनावले की उतरेल. एकदा जमलं होतं. उस्तादांनी काल सगळ्यांसमोर विचारलं, कोणी उचलायला तयार आहे का. ते विचारावंच लागतं. आमच्यात एक नवीन पोरगा आहे, नुकतं लग्न झालेला. त्याने हात वर केला. तुमच्यासाठी, म्हणजे दादाच्या बापासाठी. मी त्याचा हात धरून खाली केला आणि उस्तादांना म्हटलं, घर माझ्या बापाचं आहे, यात आधी माझं ऐका.

मी म्हटलं तेच ठरलं, आणि ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र. उद्या सकाळी शिट्टी होईल. तुम्ही बाहेर आलात तर घर जाईल, आणि मावशीच्या ओसरीवर तुमची सोय होईल. आई तुमच्याशी बोलेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. नाही आलात, तर आम्ही दोरी बांधून, पाटी ठोकून पुढच्या वस्तीला जाऊ. तिथे शाळेच्या आवारात गोळे निघालेत. पाटी मीच रंगवली आहे. दोरीच्या आत मग कोणाला सोडणार नाहीत, दूधवाल्याला नाही, डॉक्टरला नाही, आईला नाही. डबा हवालदार दोरीपाशी ठेवतील, तो घ्यायला तुम्हाला खुर्चीवरून उठावं लागेल. उठताना फळी हलू देऊ नका. घर तुमच्याकडे राहील, भिंतीसकट. मी उचलणार नाही, बाबा. आणि दुसऱ्या कोणाला उचलू देणार नाही.

तुमचाच,
उरलेला